मिनिटाला शब्द किती

बाईंना नाव होतं. हजेरीपटावर आणि पगाराच्या कागदावर ते व्यवस्थित लिहिलेलंही होतं. पण त्या नावाने चौकशी केली असती तर वस्तीत कुणाला पत्ता सांगता आला नसता. थांबाबाई म्हटलं की मात्र शेंबडं पोरसुद्धा शाळेकडे बोट दाखवायचं. हे नाव ज्या पोरांनी ठेवलं ती आता आईबाप झाली होती, त्यांची पोरं बाईंच्याच वर्गात बसत होती, आणि नाव काही जुनं झालं नव्हतं.

त्याचं असं झालं. नोकरी नवी होती तेव्हा बाईंच्या वर्गात एक मुलगा होता. वाचायला उभा केला की धडा घडाघडा म्हणून मोकळा व्हायचा. अडखळणं नाही, चाचपडणं नाही. बाई खूश. एक दिवस त्याचं वाचन चालू असताना त्या सहज त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, तर पोराचं बोट बदकाच्या धड्यावर आणि तोंडात विहिरीचा धडा. त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वर्गात नियम घातला: वाक्य संपलं की पूर्णविरामावर बोट ठेवायचं, मान वर करायची, आणि काय वाचलं ते शेजाऱ्याला आपल्या शब्दांत सांगायचं. शेजाऱ्याला पटलं तरच पुढचं वाक्य. "थांबा," बाई म्हणायच्या. प्रत्येक वाक्याला म्हणायच्या, दिवसभर म्हणायच्या. पोरं नाव ठेवणार नाहीत तर काय करतील?

हा नियम ऐकायला बरा वाटतो. त्या वर्गात तासभर बसून दाखवा. एकाने म्हणावं, "म्हणजे बकरी रुसली." शेजारणीने म्हणावं, "रुसली कुठे? आजारी पडली." "आजारी असती तर उठली असती का?" "मग उठली असं कुठे लिहिलंय, दाखव." की झालं, दोन्ही बाकं हमरीतुमरीवर. वर्गाचा मासळीबाजार व्हायचा. शेजारच्या खोलीतले सर उठून दार लावून घ्यायचे. एकेक धडा पंधरापंधरा दिवस खायचा. मागे एक तपासनीस वर्ग बघून गेले आणि शेऱ्यात 'गोंगाट' हा एकच शब्द लिहून गेले. बाईंनी तो वाचला, त्याचा अर्थ त्यांना लागला, आणि त्यांनी पुढचं वाक्य घेतलं.

पोरं मात्र वाचायला शिकायची. उशिरा शिकायची, रडतखडत शिकायची, पण शिकलेलं जायचं नाही. शाळेच्या वळणावर टपरीत इस्त्री करणारी बाई त्यातलीच. चौथीनंतर तिची शाळा सुटली, ती कायमची. पण आजही तिच्याकडे कपडे घेऊन कुणी आलं आणि हातात कसला कागद असला, तर ती इस्त्री उभी करून ठेवायची आणि कागद मागून घ्यायची. वाक्य वाचायची, मान वर करायची, आणि त्या माणसाला सांगायची, "म्हणजे तुम्हाला परत यायला सांगितलंय, पण घरमालकाची सही घेऊन." वस्तीतली निम्मी पत्रं त्या टपरीवर वाचली जात. तिची मुलगी आता बाईंच्या वर्गात तिसरीला होती. अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमटी म्हणायचे. चिमटभर जीव, आणि तोंड मात्र दोन माणसांचं. एका वाक्याचे तीन अर्थ सांगून झाल्याशिवाय तिचं बोट पूर्णविरामावरून हलायचं नाही.

शाळा म्हणावी तर चार खोल्या, एक व्हरांडा, पत्र्याचं छप्पर. पोरींच्या स्वच्छतागृहाचं दार लागत नसे, त्यामुळे एकीने आत जायचं आणि एकीने बाहेरून दार धरायचं, असा रिवाज होता. शाळेसमोर मोठा रस्ता. त्यावरून दिवसरात्र मालाचे ट्रक जायचे आणि खिडकीची तावदानं थरथरायची. रस्त्यापलीकडे दुसरी शाळा होती, तीन मजली, रंगरंगोटी केलेली. वस्ती सगळी अलीकडे होती.

शिक्षण खात्याला दर थोड्या वर्षांनी मुलांच्या शिक्षणाची काळजी उपटते. उपटली की एक नवं नाव निघतं, नवं चिन्ह निघतं, व्हरांड्यातला जुना फलक काढून त्याच खिळ्यांवर नवा लावला जातो, आणि शिक्षकांना कुठल्यातरी सभागृहात बसवून तीन दिवस प्रशिक्षण दिलं जातं. तिथे जेवण बरं असतं. बाईंनी असे पुष्कळ फलक पाहिले होते. आनंदाने शिकणं पाहिलं, कृतीतून शिकणं पाहिलं, एकदा तर पुस्तकाशिवाय शिकणंही पाहिलं, कारण त्या वर्षी पुस्तकंच वेळेवर आली नाहीत. रोज मरे त्याला कोण रडे? बाई सभागृहात जायच्या, सही करायच्या, जेवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात "थांबा" म्हणायच्या.

या खेपेचा शब्द होता उत्तरदायित्व. म्हणजे शाळांनी उत्तर द्यायचं. खात्याने छपराचं, दाराचं, उशिरा येणाऱ्या पुस्तकांचं उत्तर कुणाला द्यायचं, ते परिपत्रकात कुठे नव्हतं. पण शाळांपुरती गोष्ट अगदी सोपी केली होती. तिसरीच्या प्रत्येक मुलाने बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर बसायचं आणि कधी न पाहिलेला उतारा मोठ्याने वाचायचा. परीक्षकाच्या मोबाईलवर घड्याळ लावलेलं. मिनिट संपलं की टुंग वाजणार. तोवर मुलाने जेवढे शब्द वाचले तेवढी त्याची हुशारी. सगळ्या मुलांची सरासरी काढून शाळेला रंग द्यायचा: हिरवा, पिवळा किंवा लाल. दोन वर्षं लागोपाठ लाल आला की शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन. बंद म्हणायचं नाही, विलीन म्हणायचं. शब्द निवडणारी माणसं खात्यात हुशार असतात, त्यांची परीक्षा कुणी घ्यायला नको.

पहिल्या वर्षी बाईंनी या परीक्षेची तयारी म्हणून काहीच केलं नाही. पोरं वाचतात, वाचून दाखवतील, एवढाच त्यांचा हिशेब होता. परीक्षक म्हणून एक तरुण मुलगी आली होती. स्वभावाने चांगली असावी, पण तिला मुलांशी बोलायला मनाई होती. व्हरांड्यात टेबल मांडलं. पहिलं पोर बसलं. टपालवाल्याची सायकल वाटेत पंक्चर होते, असा कसलासा उतारा होता. पोराने पहिलं वाक्य स्वच्छ वाचलं, पूर्णविरामावर बोट ठेवलं, मान वर केली आणि परीक्षक मुलीला म्हणालं, "म्हणजे ताई, सायकलमधली हवा गेली." आणि ते थांबलं. शेजाऱ्याला पटल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम. ताई गप्प. पोराला वाटलं, ताईंना कळलं नाही. म्हणून त्याने आणखी सोपं करून सांगितलं. "म्हणजे खिळा घुसला असेल. म्हणजे आता तो चालत जाणार." ताई गप्पच. टुंग.

दाराआडून बाई बघत होत्या. मध्ये बोलायची सोय नव्हती. एकामागून एक पोर गेलं आणि एकामागून एक पोराने त्या मुलीला समजावून सांगितलं. त्या वर्षी चिमटी दुसरीत होती म्हणून वाचली, नाहीतर तिने पहिल्याच वाक्यावर मुक्काम ठोकला असता. शेवटच्या मुलाने तर तिला विचारलं, "तुम्हाला कुणी थांबायला शिकवलं नाही का?" ती मुलगी हसली, मग तिचं तिलाच वाईट वाटलं आणि ती मोबाईलकडे बघत बसली.

शाळेला लाल रंग आला. नुसता लाल नाही, त्या भागातल्या सगळ्या शाळांमध्ये तळाचा.

बाई साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणजे त्या भागातल्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी. माणूस वाईट नव्हता. पूर्वी स्वतः शिक्षक होता, आता त्याच्या टेबलावर दोन फोन होते आणि दोन्ही सारखे वाजत होते.

"साहेब, मुलांना सगळं समजलं होतं," बाई म्हणाल्या. "एकूण एक पोराला. परीक्षक बाईंना विचारा."

"मला माहितेय हो बाई. तुमच्या पोरांना समजतं, हे मला सांगायला नको."

"मग?"

"मग काय? समजलं किती, याचा रकानाच नाही माझ्याकडे. शब्द किती, तेवढंच वर जातं." त्यांनी एक फोन कापला. "माझ्या अर्ध्या शाळा लाल आहेत. माझा रंग कोणता असेल, सांगा. पुढच्या वर्षी तेवढं जमवा. एकदा शाळा गेली की परत येत नाही, बाई."

बाई परत आल्या त्या वळणावरून. इस्त्रीवालीने त्यांना टपरीत बसवलं, चहा दिला. बातमी तिच्या कानावर आधीच आली होती.

"बाई, शाळा खरंच पलीकडे जाणार?"

"पुढच्या वर्षीही लाल आला तर."

इस्त्रीवालीने शर्टाची कॉलर दाबली आणि उलटी करून परत दाबली. "मग आमची चिमटी बसेल घरी. तो रस्ता मी तिला ओलांडू देणार नाही. सोडायला जाऊ म्हटलं तर सकाळची गिऱ्हाईकं कोण बघणार? आणि माझं एकटीचं नाही हे. खालच्या आळीतल्या सगळ्या पोरींचं हेच होणार. पोरगे जातील धावत. पोरींना कोण पाठवतंय?"

ती रडली वगैरे नाही. तिने फक्त व्यवहार सांगितला. पण बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. वर्गातल्या पोरी त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक करून जायला लागल्या, आणि कोणती कुठल्या घरात जाऊन बसेल हे त्यांना न विचारता सांगता आलं असतं.

शाळेत बाईंच्या जोडीला नवे सर होते. नवे म्हणजे येऊन बरीच वर्षं झाली होती, पण कंत्राटावर असल्यामुळे ते दर वर्षी नव्याने नवे व्हायचे. शाळा गेली तर त्यांची नोकरी आधी जाणार होती. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं.

"बाई, एक सांगू? रागावू नका. बाकीच्या शाळांत काय करतात माहितेय का? परीक्षेच्या दिवशी कच्च्या पोरांना ताप येतो."

"सगळ्यांना एकदम?"

"साथच येते. आदल्या दिवशी घरी निरोप जातो, उद्या पाठवू नका. गैरहजर मूल सरासरीत धरत नाहीत. हिरव्या शाळा सगळ्या अशाच हिरव्या झाल्यात."

"माझ्या वर्गातल्या पोराला मी येऊ नकोस म्हणून सांगू?" बाईंचा आवाज चढला. "सर, अहो, तीस वर्षं मी पोरांना घरून ओढून आणतेय. आता दारातून परत पाठवू? शाळा गेली तरी चालेल, पण हे नाही व्हायचं."

सर खाली मान घालून गेले. तत्त्वाला चिकटून राहिल्याचं एक समाधान असतं, ते बाईंना त्या संध्याकाळी पुरलं. रात्री जेवताना मात्र इस्त्रीवालीची कॉलर परत डोळ्यांपुढे आली. तत्त्व बाईंचं होतं आणि घरी पोरी बसणार होत्या.

म्हणून मग त्यांनी जे ठरवलं ते त्यांच्या मते सगळ्यात सरळ होतं. लबाडी करायची नाही. एकही मूल घरी ठेवायचं नाही. फक्त पोरांना वेगाने वाचायला शिकवायचं. एक वर्ष पूर्णविरामावर थांबायचं नाही. परीक्षा झाली की परत पहिल्यासारखं.

हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो बस डेपोतून फिटर म्हणून निवृत्त झालेला. गुडघे गेले होते, त्यामुळे बसून करायची घरातली सगळी कामं आता त्याच्याकडे होती. तो लसूण सोलत होता.

"आमच्या डेपोत एकदा असंच निघालं होतं," तो म्हणाला. "गाडी वेळेवर आली की ड्रायव्हरला शाबासकी, उशीर झाला की लेखी खुलासा. महिन्यात सगळ्या गाड्या वेळेवर यायला लागल्या. साहेब खूश. मग एक दिवस कळलं की ड्रायव्हर मधले स्टॉपच घेत नव्हते. गाडी वेळेवर आणि माणसं रस्त्यावर."

"मग मी काय करू म्हणता?" बाई भडकल्या. "तुम्हाला काय जातंय लसूण सोलत गोष्टी सांगायला? पोरी घरी बसल्या तर त्यांना काय सांगू, की माझी पद्धत फार चांगली होती म्हणून?"

"मी कुठे काय म्हटलं? डेपोची आठवण झाली म्हणून सांगितलं."

"नका सांगू."

तो पुढची पाकळी सोलायला लागला. खरं म्हणजे बाई फार दमल्या होत्या. पायांचं दुखणं होतंच, ते तेल लावून कमी व्हायचं. हा थकवा वेगळा होता. आपण बरोबर आहोत हे परत परत सिद्ध करत राहण्याचा हा थकवा होता, आणि आता कुणीतरी म्हणावं, राहू दे, बाई, तू चुकीची होतीस, म्हणजे एकदाची सुटका होईल, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

वर्षाच्या सुरुवातीलाच बाईंनी भिंतीवर मोठं घड्याळ लावून घेतलं, लाल सेकंदकाट्याचं. पुठ्ठ्याची पट्टी कापली. पोर वाचत असताना ती ओळीखालून सरकवत न्यायची, म्हणजे डोळे पुढे पळतात. पूर्णविराम आला की पोराची मान आपोआप वर व्हायची, तेव्हा पेन्सिलीने बाकावर टक् करायचं. दोन इयत्तांची सवय. ती अशी एका दिवसात जाणार नव्हती. पहिले काही आठवडे वर्गात नुसती टकटक चालली होती, सुताराच्या दुकानासारखी.

चिमटीला सगळ्यात जड गेलं. सरावाला गेल्या वर्षीचाच टपालवाल्याचा उतारा होता.

"बाई, पण टपालवाला घरी पोचला का?"

"वाच पुढे."

"तो पोचला नाही तर पत्राचं काय होणार?"

"चिमटे, तो पूर्णविराम तुला दिसलाच नाही असं समज."

"दिसतोय ना पण."

"दिसला तरी पळ."

मग एक दिवस तिने बोट ठेवलं नाही. दोन वाक्यं एका दमात वाचली. बाई "शाबास" म्हणाल्या. पोरगी खुलली. मुलांना शाबासकीचं गणित फार लवकर कळतं. पुढच्या आठवड्यात ती चार वाक्यं एका दमात वाचत होती आणि वाचून झाल्यावर पुस्तकाकडे न बघता घड्याळाकडे बघत होती. वर्गात शर्यती सुरू झाल्या. मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांचं मिनिट लावायची. "माझे किती झाले?" "तुझे माझ्यापेक्षा कमी." जो अर्थ सांगत बसेल त्याला आता बाकीचे हसायचे. शेजारच्या खोलीतल्या नव्या सरांनी बऱ्याच दिवसांत दार लावून घेतलं नव्हतं. एकदा साहेब येऊन गेले, व्हरांड्यात उभं राहून ऐकलं, आणि जाताना म्हणाले, "बाई, वर्गाला शिस्त आली बरं का तुमच्या."

बाईंना त्या रात्री बरं वाटलं, हे खोटं कशाला बोला? इतक्या वर्षांत वर्गाबद्दल साहेबांच्या तोंडून आलेलं ते पहिलं चांगलं वाक्य होतं. घसाही दुखेनासा झाला होता. दिवसभर "थांबा, थांबा" करावं लागत नव्हतं, भांडणं सोडवावी लागत नव्हती. असं शिकवणं किती सोपं असतं, हे त्यांना नोकरीच्या शेवटी कळलं. मध्येच कधीतरी वाटायचं, एखाद्याला विचारावं, काय वाचलंस रे? पण नेमका तेव्हा काटा धावत असायचा, आणि परीक्षा तोंडावर आली होती. परीक्षेनंतर, असं म्हणून त्या पुढच्या पोराकडे वळायच्या.

परीक्षेच्या दिवशी वर्गातलं एकही पोर गैरहजर नव्हतं. एकाच्या पायाला प्लास्टर होतं, त्याला त्याच्या मामाने खांद्यावरून आणलं. परीक्षा बघायला आलेल्या साहेबांना बाईंनी हे मुद्दाम दाखवलं. या वेळी परीक्षक म्हणून एक जाड चष्म्याचे गृहस्थ होते, त्यांनी मान वर करून कुणाकडे पाहिलं नाही आणि पोरांनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. पोर बसायचं, श्वास भरून घ्यायचं आणि सुटायचं. टुंग वाजलं की जिथे असेल तिथे, शब्दाच्या मध्येही, तोंड मिटायचं आणि उठायचं. चिमटी उतारा संपवून परत पहिल्या ओळीपासून सुरू झाली होती. गृहस्थांनी पहिल्यांदाच चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "वा."

निकाल आला. हिरवा.

वस्तीत चॉकलेटं वाटली गेली. नव्या सरांना कंत्राट वाढवून मिळालं, त्यांनी बाईंच्या पाया पडायचा प्रयत्न केला आणि बाईंनी त्यांना हाताला धरून उभं केलं. साहेबांनी स्वतः फोन केला. तळातून हिरव्यात आलेली त्यांच्या भागातली ही एकच शाळा, त्यामुळे त्यांचाही रंग थोडा सुधारला होता. "बाई, तुमची पद्धत सगळ्या शाळांना सांगायची आहे," ते म्हणाले. "तुम्हीच या समजावायला." बाई म्हणाल्या, "बघू." इस्त्रीवालीने बाईंच्या सगळ्या साड्या आठवडाभर फुकट करून दिल्या आणि पैसे काढले तर रागावली. "आमची पोरगी शाळेत जाते ती तुमच्यामुळे," ती म्हणाली. हे खरं होतं. कुठूनही बघितलं तरी खरं होतं. पोरी शाळेत राहिल्या होत्या, रस्ता ओलांडायची वेळ कुणावर आली नव्हती. बाईंनी त्या रात्री नवऱ्याला "तुमचा तो डेपो!" असं म्हणून चिडवलंसुद्धा, आणि तो हसून म्हणाला, "हरलो बुवा."

सोमवारी बाई लवकर शाळेत गेल्या. भिंतीवरचं घड्याळ काढायला त्यांचा हात पुरला नाही, म्हणून ते तसंच राहिलं. पुठ्ठ्याची पट्टी त्यांनी कपाटात टाकली. वर्ग भरला तेव्हा त्या म्हणाल्या, "झाली परीक्षा. आता आपण आपली गोष्ट वाचू. पहिल्यासारखी."

गोष्ट त्यांनी जपून ठेवली होती. दोन बहिणी आणि त्यांची एकच छत्री. धाकटी छत्री हरवून येते आणि घाबरून गप्प बसते. थोरलीला सगळं माहीत असतं, तरी ती आईला सांगते की छत्री माझ्याकडून हरवली. आई थोरलीला बोलते, आणि धाकटी ते ऐकत दाराशी उभी राहते. एवढीच गोष्ट. पण तीस वर्षांत या गोष्टीवर वर्गात भांडण झालं नाही असं एक वर्ष गेलं नव्हतं. थोरलीने खोटं बोलायला नको होतं म्हणणारे एका बाजूला, धाकटीने तेव्हाच पुढे यायला हवं होतं म्हणणारे दुसऱ्या बाजूला, आणि एखादं पोर दरवर्षी असं निघायचं की जे काहीच न बोलता डोळे पुसायचं. या गोंगाटासाठी बाईंचे कान आसुसले होते.

"चिमटे, तू वाच."

चिमटी उभी राहिली. श्वास भरून घेतला आणि सुटली.

"थांब," बाई पहिल्या वाक्यानंतर म्हणाल्या.

ती थांबली नाही. तिला ऐकूच गेलं नसावं. छत्री हरवली, धाकटी गप्प बसली, थोरली खोटं बोलली, आईने बोल लावले, सगळं एका सुरात, एका दमात, खडीवरून पाणी जावं तसं गेलं. एकही शब्द चुकला नाही. बाकीची पोरं घड्याळाच्या काट्याकडे बघत होती. शेवटच्या शब्दावर चिमटीने पुस्तक मिटलं आणि "बसले का मिनिटात?" अशा नजरेने शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने मान डोलावली.

"छान वाचलंस," बाई म्हणाल्या. मग त्यांनी इतक्या महिन्यांत न विचारलेलं विचारलं. "काय झालं गं गोष्टीत?"

चिमटीने मिटलेल्या पुस्तकाकडे पाहिलं, मग बाईंकडे. तिला खोटं बोलायची सवय नव्हती.

"मला काय माहीत बाई," ती म्हणाली. "मी तर वाचत होते."

वर्ग हसला नाही. हसण्यासारखं काही झालंय असं कुणाला वाटलंच नव्हतं, आणि बाईंना सगळ्यात जास्त लागलं ते तेच. त्या टेबलाला धरून खुर्चीत बसल्या. समोर सगळ्या पोरी जागच्या जागी होत्या, एकही घरी बसलेली नव्हती, आणि बाईंना आपल्याच वर्गात एकदम एकटं वाटलं.

"परत," त्या म्हणाल्या. "पहिलं वाक्य. फक्त पहिलं."

चिमटीने पुस्तक उघडलं, आणि सगळा वर्ग घड्याळाकडे बघायला लागला.